अंड्यांसाठी लावापालन : पक्षी सोपा, हिशेब अवघड

दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅम वजनाचा, ओंजळीत मावणारा, जन्मल्यापासून सहा-सात आठवड्यांत अंडी घालू लागणारा आणि वर्षाकाठी अडीचशे ते तीनशे अंडी देणारा पक्षी असे जपानी लाव्याचे वर्णन केले जाते. वर्णन खरे आहे. जमीन थोडी, माणसे थोडी आणि भांडवलही थोडे अशा स्थितीतील गोमंतकीय शेतकऱ्याला ते भुरळ घालते यात नवल नाही. परसातील एका खोलीत शंभर माद्या, रोजची ऐंशी अंडी, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा किनाऱ्यावरील हॉटेलांत विक्री, असे चित्र पाहता पाहता डोळ्यांपुढे उभे राहते. या चित्राचा पहिला भाग, म्हणजे पक्षी वाढवून अंडी मिळवणे, थोड्या सरावाने बहुतेकांना साधतो. दुसरा भाग अवघड आहे. ती अंडी खाद्याच्या खर्चाहून अधिक दराने आणि वर्षभर विकली गेली पाहिजेत, आणि ते होणार की नाही याचा अंदाज पिल्ले आणण्यापूर्वीच बांधावा लागतो.

रानातला लावा आणि पिंजऱ्यातला लावा

लावा हे नाव मराठीला नवे नाही. पायाखालच्या गवतातून अचानक भुर्रकन उडून दहा-वीस पावलांवर पुन्हा गवतात शिरणारा ठेंगणा, ठिपकेदार पक्षी आपल्याकडील शेतकऱ्यांनी पाहिलेला असतो. मात्र तो रानलावा किंवा पावसाळी लावा होय. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिले आहे. त्याला पकडणे, पाळणे वा विकणे हा गुन्हा ठरतो. फार्मवर पाळला जातो तो ‘कॉटर्निक्स जॅपोनिका’ या शास्त्रीय नावाचा जपानी लावा. व्यापारात त्याला बटेर किंवा नुसते क्वेल म्हणतात.

जपानमध्ये हा पक्षी आरंभी नराच्या आवाजासाठी, म्हणजे गाणारा पक्षी म्हणून पाळला जात असे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अंड्यांसाठी त्याची निवड पद्धतशीरपणे होऊ लागली. दुसऱ्या महायुद्धात गाणारे वाण नष्ट झाले आणि अंड्यांचेही फार थोडे उरले. त्या उरलेल्यांतून पुढची पैदास झाली. आजही आइची प्रांतातील तोयोहाशी हे शहर जपानमधील लाव्याच्या अंड्यांचे मुख्य केंद्र मानले जाते. भारतात हा पक्षी १९७४ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठातून आणला गेला, आणि उत्तर प्रदेशातील बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने त्याचे वाण पुढे विकसित केले. पिढी लवकर बदलत असल्याने प्रयोगशाळांचाही तो आवडता पक्षी ठरला. १९९० मध्ये ‘मीर’ या सोव्हिएत अंतराळस्थानकात अंड्यातून बाहेर आलेली पिल्ले याच जातीची होती.

रानातील आणि फार्मवरील पक्षी दिसायला इतके सारखे असतात की कायद्यालाही हा गोंधळ चुकलेला नाही. २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने वन्यजीव कायद्याचा आधार घेऊन जपानी लाव्याच्या नव्या फार्मना परवाने देऊ नयेत असे कळवले होते. पुढे ते बंधन सैल झाले आणि हा पक्षी पाळीव कुक्कुटवर्गात गणला जाऊ लागला. तरीही पिल्ले कोठून आणली याची पावती जपून ठेवणे शहाणपणाचे. वन खात्याचा कर्मचारी दारात आला तर पक्षी फार्मवरचा आहे हे सांगणारा तोच एक कागद हाती असतो.

पहिले दोन आठवडे

नवजात पिल्लाचे वजन सात-आठ ग्रॅम, म्हणजे सुपारीएवढे. एवढ्याशा देहात उष्णता टिकत नाही, आणि मरतुकीचा मोठा भाग पहिल्या पंधरवड्यातच उरकतो. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ३५ ते ३७ अंश सेल्सिअस तापमान लागते. नंतर ते दर आठवड्याला सुमारे तीन अंशांनी उतरवत न्यावे. तापमापक असला तरी खरी खूण पिल्लेच देतात. दिव्याखाली एकमेकांवर चढून गोळा झाली तर थंडी वाजते आहे, कडेला जाऊन चोची उघडून धापत असतील तर उष्मा झाला आहे, सर्वत्र विखरून खात-पीत असतील तर ठीक.

पावसाळ्यात तासन्‌तास वीज जाणे गोव्यातील खेडेगावांना नवे नाही. दिवा विझला की पिल्ले कोपऱ्यात एकावर एक रचली जातात आणि खालची गुदमरतात. गरम पाण्याच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून ठेवण्याची तयारी आधीच असावी, आणि ब्रूडरचे कोपरे पुठ्ठा लावून गोल करावेत. बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी मात्र ठेवू नये. तिचा धूर व वायू पिल्लांना आणि माणसांनाही घातक ठरतो.

दोन चुका नवख्यांकडून हमखास होतात. पाण्याचे भांडे कोंबडीच्या पिल्लांचे असते, आणि लाव्याचे पिल्लू त्यात बुडून मरते. भांडे उथळ असावे व त्यात खडे किंवा गोट्या घालाव्यात, म्हणजे चोच पाण्यात जाईल पण पिल्लू पडणार नाही. दुसरी चूक जमिनीवर गुळगुळीत वर्तमानपत्र अंथरण्याची. त्यावरून पाय घसरतात, फाकतात आणि पिल्लू कायमचे अधू होते. गोणपाट किंवा खरखरीत पुठ्ठा बरा.

तिसऱ्या आठवड्यात नर-मादी ओळखू येतात. नराची छाती एकसारखी तांबूस होते. मादीच्या फिकट छातीवर काळे ठिपके दिसतात. पांढऱ्या पिसांच्या वाणात ही खूण चालत नाही, तेथे पक्षी वयात येईपर्यंत थांबावे लागते. नुसती खाण्याची अंडी हवी असतील तर नराची गरजच नाही. मादी नराशिवायही तितकीच अंडी देते, आणि ती निर्जीव असल्याने अधिक टिकतात. नर वेगळे केले की भांडणे, पाठीवरची पिसे उपटणे आणि डोक्याला जखमा होणे कमी होते. शिवाय नराची कर्कश हाक लांबवर जाते. दाट वस्तीच्या वाड्यावर शेजाऱ्यांची पहिली तक्रार त्याच्याबद्दल येते, दुसरी वासाबद्दल.

पिंजरा, उजेड आणि दमट हवा

प्रौढ पक्ष्याला पिंजऱ्यात दीडशे ते दोनशे चौरस सेंटिमीटर जागा पुरते असे पुस्तके सांगतात. दोनशे धरावेत, दमट हवेत दाटी महागात पडते. पिंजऱ्याची उंची मात्र मुद्दाम कमी, सुमारे पंचवीस सेंटिमीटर ठेवतात. लावा घाबरला की सरळ वर उसळतो. पिंजरा दीड-दोन फूट उंच असेल तर तेवढ्या अंतरात वेग घेऊन डोके जाळीवर आपटते आणि पक्षी जागीच मरतो. कमी उंचीत त्याला वेग घेता येत नाही.

चिऱ्याच्या भिंती आणि वर कौले असलेली जुनी गोठ्याची खोली या कामाला चांगली, कारण ती उन्हाळ्यात थंड राहते. तिची अडचण जूनमध्ये सुरू होते. भिंती ओल धरतात, विष्ठेतील अमोनिया साचतो, डोळे चुरचुरतात. माणसाला वास जाणवू लागला की पक्ष्यांच्या श्वसनमार्गाला इजा सुरू झालेली असते. पिंजऱ्याखालचे पत्रे पावसाळ्यात एक दिवसाआड, शक्यतो रोज साफ करावे लागतात. छताजवळ दोन्ही बाजूंनी वारा खेळता राहील एवढी जाळीदार मोकळी जागा हवी. पावसाची झड आत येऊ नये म्हणून पडवी पुढे काढावी, झरोके बुजवू नयेत.

जाळी मात्र बारीक हवी. मुंगूस, मांजर, घोरपड, साप हे कुक्कुटपालनाचे नेहमीचे वैरी, पण लाव्यांचा खरा शत्रू उंदीर. तो रात्री पिंजऱ्याबाहेरूनच पाय ओढून कुरतडतो, अंडी पळवतो, खाद्यात मुततो. अर्ध्या इंचापेक्षा मोठ्या छिद्राची जाळी घेतली तर ती पुन्हा बदलावी लागते.

अंडी सातत्याने हवी असतील तर दिवसाला सोळा तास उजेड लागतो. गोव्याच्या अक्षांशावर डिसेंबरात दिवस सव्वाअकरा तासांचा आणि जूनमध्ये सुमारे तेरा तासांचा असतो. म्हणजे ऋतूनुसार तीन ते पाच तास दिव्याने भरून काढायचे. लहान खोलीला एखादा मंद एलईडी दिवा पुरतो. तेज उजेडात पक्षी एकमेकांना टोचू लागतात. दिवा लागण्या-विझण्याची वेळ रोज तीच असावी, म्हणून साधा टायमर बसवणे फायद्याचे. माणसाच्या आठवणीवर सोडलेला उजेड आठवड्यातून एकदा तरी चुकतो आणि अंड्यांचा आकडा लगेच खाली येतो.

कोंबडी सकाळी अंडी घालते, लावा दुपारनंतर. सुमारे तीन-चतुर्थांश अंडी दुपारी तीन ते सहाच्या दरम्यान मिळतात. त्यामुळे गोळा करण्याची वेळ संध्याकाळची, आणि बाजार सकाळचा. अंडी पुसावी लागलीच तर कोरड्या कापडाने पुसावीत. धुतली की कवचावरचे नैसर्गिक आवरण जाते आणि दमट हवेत ती लवकर नासतात. कवचावरचे ठिपके हा या अंड्याचा शृंगार. विशेष म्हणजे प्रत्येक मादीची नक्षी बहुधा ठरलेली असते. काही दिवस लक्ष ठेवले तर अंडे पाहून मादी ओळखता येते, आणि अंडी न घालणारी मादीही.

खाद्य

लावा लहान असला तरी त्याचे खाणे लहान नाही. प्रौढ मादी रोज वीस ते पंचवीस ग्रॅम खाद्य फस्त करते. कोंबडीचे अंडे तिच्या वजनाच्या तीन-चार टक्के असते. लाव्याच्या मादीचे दहा ग्रॅमचे अंडे तिच्या वजनाच्या सहा-सात टक्के भरते. एवढा भार बहुतेक रोज उचलायचा तर आहारात प्रथिने भरपूर लागतात. पिल्लांना २४ ते २७ टक्के, अंड्यांवरील माद्यांना १८ ते २० टक्के प्रथिने, शिवाय कवचासाठी अडीच ते तीन टक्के कॅल्शियम असे प्रमाण सांगितले जाते.

लाव्यासाठी तयार केलेले खाद्य लहान गावांत सहसा मिळत नाही. मग दुकानदार देईल ते घेतले जाते, आणि अंडी कमी का झाली हे पक्ष्याला विचारले जाते. अंड्यांवरील कोंबड्यांचे खाद्य नुसते दिल्यास प्रथिने अपुरी पडतात. ब्रॉयलरच्या पिल्लांचे ‘स्टार्टर’ बारीक करून लाव्याच्या पिल्लांना चालते; मात्र त्यातील काही प्रकारांत हगवणीच्या परजीवींवरील औषध मिसळलेले असते आणि असे खाद्य अंडी देणाऱ्या माद्यांना घालू नये, कारण औषधाचा अंश अंड्यात उतरू शकतो. पोत्यावरील चिठ्ठी वाचावी, कळली नाही तर पशुवैद्याला दाखवावी.

प्रथिने वाढवण्यासाठी मासळी हाताशी आहे असे किनारपट्टीवर वाटणे साहजिक. मासळीचे कूट उत्तमच. पण बाजारातील खारवलेली सुकी मासळी कुटून घातली तर मिठाने पक्षी मरतात. बिनमिठाची, नीट वाळवलेली मासळीच वापरावी आणि तीही थोडी, नाहीतर अंड्याला वास येतो. कॅल्शियमसाठी तिसऱ्यांच्या रिकाम्या शिंपल्या धुऊन, वाळवून, बारीक कुटून वेगळ्या भांड्यात ठेवाव्यात. माद्यांना लागेल तेवढे त्या टिपतात.

सर्वांत मोठा धोका बुरशीचा. मका, शेंगदाण्याची पेंड, खोबऱ्याची पेंड दमट हवेत बुरशी धरतात आणि त्यातील अफ्लाटॉक्सिन हे विष यकृत निकामी करते. डोळ्यांना बुरशी दिसत नसली तरी विष असू शकते, आणि ते उन्हात वाळवून किंवा शिजवून जात नाही. जून ते सप्टेंबर या काळात दोन आठवड्यांपेक्षा जास्त खाद्य साठवू नये. पोती जमिनीला वा भिंतीला टेकवू नयेत, फळ्यांवर ठेवावीत. गोळे झालेले खाद्य ‘वाया जाते’ म्हणून घालू नये. घाऊक भावात एकदम घेतलेली दहा पोती मे महिन्यात बचत वाटते. जुलैत तीच पोती पक्ष्यांच्या मरणाचे कारण होऊ शकते.

शंभर माद्यांचा हिशेब

शंभर माद्या रोज अडीच किलो खाद्य खातात. ऐंशी टक्के उत्पादन धरले तर ऐंशी अंडी, म्हणजे आठशे ग्रॅम माल मिळतो. एका अंड्यामागे सुमारे ३१ ग्रॅम खाद्य लागले. खाद्याचा दर समजण्यापुरता किलोला ४० रुपये धरू. मग नुसत्या रोजच्या खाद्याचा खर्च अंड्यामागे सव्वा रुपया.

यात मादी वाढवण्याचा खर्च नाही. पिल्ले नर-मादी मिसळ मिळतात आणि काही मरतात, म्हणून शंभर माद्या हव्या असतील तर सव्वादोनशेच्या आसपास पिल्ले आणावी लागतात. प्रत्येक पिल्लू सहा आठवड्यांत अर्धा किलोहून थोडे अधिक खाते, नरही तितकेच खातो. पिल्लाचा दर समजा बारा रुपये असेल तर अंड्यावर येणारी एक मादी ऐंशी रुपयांच्या घरात पडते. ती दहा महिन्यांत सव्वादोनशेच्या आसपास अंडी देईल. म्हणजे अंड्यामागे आणखी पस्तीस-छत्तीस पैसे. वीज, खोके, फुटतूट, औषध धरले की खर्च दोन रुपयांजवळ पोहोचतो. यात मजुरी नाही. नर मांसासाठी विकले गेले तर थोडा भार हलका होईल, न विकले गेले तर वाढेल. दर बदलतील, प्रत्येकाने आपल्या गावचे आकडे घालावेत. पण हिशेबाची रीत हीच.

आता हे दोन रुपये वजनात बदलून पाहावेत. कोंबडीचे ५५ ग्रॅमचे एक अंडे म्हणजे लाव्याची साडेपाच अंडी. म्हणजे तेवढ्याच वजनाच्या अन्नाला लावापालकाचा खर्च अकरा रुपये येतो, आणि दुकानातील साधे अंडे ग्राहकाला याहून स्वस्त मिळते. शंभर पक्ष्यांच्या जागी हजार ठेवूनही ही दरी मिटत नाही, कारण ती पक्ष्याच्या शरीरातच आहे. लहान प्राण्याला दर ग्रॅम वजनामागे अधिक ऊर्जा लागते. खाल्लेल्याचा मोठा हिस्सा शरीर उबदार ठेवण्यात जातो. कोंबडीला एक किलो अंड्यांसाठी सव्वादोन किलोच्या आसपास खाद्य लागते, लाव्याला तीन किलोंहून अधिक.

तात्पर्य, हे अंडे पोट भरण्याचे अन्न म्हणून परवडत नाही. ते शोभेचे, चवीचे, नवलाईचे अन्न म्हणूनच विकले जाते, आणि म्हणून दर नगावर ठरतो, वजनावर ठरत नाही. नगाला तीन रुपये मिळाले तर शंभर माद्यांमागे रोज ऐंशी रुपये सुटतात. पाच मिळाले तर दोनशे चाळीस. सुट्टी नसलेले हे काम रोज तास-दीड तास घेते. ते या रकमेत बसते का, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

गिऱ्हाईक कोण?

रोजची ऐंशी म्हणजे आठवड्याची ५६० अंडी. डझनाच्या खोक्यात भरली तर दर आठवड्याला ४६-४७ खोकी. पहिल्या महिन्यात नातेवाईक, शेजारी, ओळखीचे लोक कौतुकाने घेतात. तिसऱ्या महिन्यात कौतुक ओसरते, अंडी मात्र तितकीच निघतात. पिंजरे घेण्याआधी चाळीस नियमित घरे किंवा दोन-तीन पक्की हॉटेले आहेत का हे पाहणे, हाच या व्यवसायातील पहिला आणि सर्वांत स्वस्त प्रयोग. बाहेरून शंभरभर अंडी विकत आणून एक महिना विकून पाहिली तरी बरेच कळते.

गोव्यात पर्यटनामुळे मागणीला उधाण येते, पण ते ऑक्टोबर ते मार्च. पावसाळ्यात किनारा ओस पडतो, आणि श्रावण-चतुर्थीच्या दिवसांत कित्येक हिंदू घरांत अंडे शिजत नाही. माद्यांना हे माहीत नसते. म्हणून तुकडीची वेळ साधणे महत्त्वाचे: ऑगस्टच्या मध्यावर आणलेली पिल्ले ऑक्टोबरच्या आरंभी अंड्यावर येतात आणि महिनाअखेर भरात असतात. त्यासाठी भर पावसात पिल्ले जगवण्याचे कष्ट घ्यावे लागतात, पण मार्चमध्ये आणलेल्या पिल्लांची अंडी जूनमध्ये कोणाला विकायची हा प्रश्न त्याहून बिकट आहे. उरलेली अंडी उकडून, सोलून लोणच्यात किंवा मसाल्याच्या पाण्यात मुरवता येतात. कवच पातळ आणि आतला पापुद्रा चिवट असल्याने सोलायला वेळ लागतो. किंचित शिरका घातलेल्या पाण्यात ठेवल्यास काम सुलभ होते. मात्र असा पदार्थ बाटलीत भरून विकायचा तर अन्न सुरक्षा नोंदणी लागते.

विक्रीची चिंता नको, माल आम्हीच परत घेऊ, असे सांगणारेही भेटतात. पिल्ले, पिंजरे, खाद्य सारे त्यांच्याकडूनच, तेही आगाऊ रक्कम भरून. अंडी ठरलेल्या चढ्या दराने परत घेण्याची हमी. २०१२ च्या सुमारास तमिळनाडूत इमूपालनाचे असेच करार कोसळले. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर भागात कडकनाथ कोंबडीपालनातील फसवणुकीची प्रकरणे पोलिसांपर्यंत गेली. दोन्ही ठिकाणी पक्षी खरे होते, शेतकऱ्यांचे कष्टही खरे होते. परत घेणारा मात्र नाहीसा झाला. त्याचा नफा अंड्यांच्या विक्रीतून येतो की नव्या शेतकऱ्यांच्या आगाऊ रकमेतून, हे विचारावे. तो अंडी कोठे विकतो ते दाखवत नसेल, तर करारावर सही न केलेली बरी.

सरकारी मदतीबाबतही कानगोष्टींवर जाऊ नये. कोंबडीपालनाची योजना लाव्याला लागू असेलच असे नाही; पशुसंवर्धन खात्याकडून ते लेखी विचारून घ्यावे. तांत्रिक सल्ल्यासाठी जुने गोवे आणि मडगाव येथील कृषी विज्ञान केंद्रांशी संपर्क साधता येतो. पंचायतीचे काय नियम आहेत हेही आधीच पाहावे. वासाची तक्रार आल्यावर पाहणे उशिराचे असते.

औषधी अंड्याची कथा

लाव्याचे अंडे दम्यावर, क्षयावर, रक्तदाबावर गुणकारी असल्याचे फलक अनेक विक्रेते लावतात. पोषणाच्या दृष्टीने ते कोंबडीच्या अंड्याच्या जवळपास आहे. प्रथिने सारखीच, सुमारे १३ टक्के. लोह आणि ब-१२ जीवनसत्त्व थोडे अधिक. शंभर ग्रॅममागे कोलेस्टेरॉल मात्र कोंबडीच्या अंड्याच्या दुपटीहून जास्त असते. बलक मोठा, म्हणून हे सारे. चांगले अन्न एवढे म्हणणे रास्त. औषध म्हणणे नाही.

‘कोंबडीच्या अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनाही हे चालते’ हा दावा तर धोकादायक आहे. दोन्ही अंड्यांच्या पांढऱ्यातील प्रथिने एकमेकांशी मिळतीजुळती असल्याने कोंबडीच्या अंड्याने त्रास होणाऱ्या मुलाला याही अंड्याने होऊ शकतो. विक्रेत्याने असे सांगू नये आणि पालकांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय प्रयोग करू नये. कच्चे खाण्याची जपानी रीतही आपल्याकडच्या साठवणुकीत टाळावी, कारण साल्मोनेलाचे जंतू याही अंड्यात असू शकतात.

रोग, वंश आणि वर्षाची अखेर

‘लाव्याला रोग होत नाही, लस लागत नाही’ हे अर्धसत्य आहे. कोंबड्यांच्या काही रोगांना तो अधिक चिवटपणे तोंड देतो, परंतु आतड्याला व्रण पाडणारा एक जिवाणूजन्य आजार याच पक्ष्यात प्रथम ओळखला गेला आणि ‘क्वेल डिसीज’ या नावानेच ओळखला जातो. पाणचट पांढरी विष्ठा आणि पटापट मरतूक ही त्याची लक्षणे. बुरशीमुळे होणारा फुप्फुसांचा आजार ओल्या खोलीत हटकून येतो. गावठी कोंबड्या आणि लावे एकाच आवारात ठेवू नयेत, ठेवावेच लागले तर भांडी, चपला, झाडू वेगळे असावेत. बर्ड फ्लूही लाव्याला होतो. २००९ मध्ये तोयोहाशीच्या फार्मवरच त्याचा उद्रेक झाला होता. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला हा रोग भारतात प्रथम आढळला, तेव्हा निरोगी फार्मवाल्यांचीही विक्री थांबली होती. एकाच रात्री अनेक पक्षी मेले तर ते पुरून टाकण्यापूर्वी पशुवैद्यकीय खात्याला कळवावे.

पिल्ले घरीच काढण्याचा मोह दुसऱ्या वर्षी होतो. पाळीव लाव्याची मादी अंडी उबवत नाही. शतकभराच्या निवडीत ती वृत्ती लोपली आहे. यंत्रात साडेसदतीस अंश तापमान, साठ टक्के आर्द्रता आणि दिवसातून अनेकदा अंडी फिरवणे हे साधले की सतरा-अठरा दिवसांत पिल्ले येतात. दोन-तीन माद्यांमागे एक नर हवा. खरी अडचण रक्ताच्या नात्याची. भावंडांची पैदास होत राहिली तर लाव्यात त्याचे दुष्परिणाम कोंबडीपेक्षा लवकर दिसतात: उबवण घटते, पिल्ले अशक्त निपजतात, अंड्यांची संख्या उतरते. लहान कळपात दर पिढीला बाहेरचे नर आणणे हा त्यावरील उपाय, नाहीतर पिल्ले विकत घेणेच स्वस्त.

आठ-दहा महिन्यांनंतर मादीची अंडी कमी होऊ लागतात, खाणे कमी होत नाही. शंभरांत रोजची पन्नास अंडी मिळू लागली की एका अंड्यामागे खाद्य पन्नास ग्रॅम पडते. त्या टप्प्यावर तुकडी मांसासाठी काढावी लागते, आणि जुन्या मादीचे मांस निबर असल्याने भाव कमी येतो. बारा महिन्यांच्या हिशेबात ही घट आधीच धरलेली असावी. पिंजरे रिकामे झाल्यावर धुऊन, चुना मारून दोन आठवडे मोकळे ठेवावेत. वर्षभर साठलेली विष्ठा ताजी घातल्यास रोपांची मुळे जाळते. पाचोळा आणि भाताचे तूस मिसळून ती दोन-तीन महिने कुजवली की कुळागरातील माडांना आणि पोफळींना चांगले खत मिळते, आणि ज्यांच्याकडे कुळागर आहे त्यांच्या खतावरील खर्चात तेवढी बचत होते.